तिसरी पायरी

१

हिरालाल रामटेके यांचा कान रेल्वेने घडवला होता. एकतीस वर्षं त्यांनी वॅगनच्या चाकांवर हातोडी मारली. चाक चांगलं असलं की खणखणीत वाजतं, आत तडा असला की बद्द वाजतं. तडा डोळ्याला दिसायची वाट बघायची नाही, डबा सरळ बाजूला काढायचा, एवढाच तो धंदा. रिटायर झाल्यावर लोक एक तर पार्कात चकरा मारतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. हिरालालांनी महिनाभर नाक खुपसून पाहिलं. मग सरलाबाईंनीच त्यांना घराबाहेर काढलं आणि पायलच्या स्टुडिओत नेऊन बसवलं.

पायल म्हणजे त्यांच्या रेल्वेतल्या मित्राची लेक. रायपूरच्या पुरानी बस्तीत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तिचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. तिथे देवीची जसगीतं रेकॉर्ड व्हायची आणि छत्तीसगढी सिनेमांना आवाज लागायचे. पडद्यावर माणूस चालतो, भांडी घासतो, दार लावतो, त्याचे आवाज शूटिंगच्या वेळी धड मिळत नाहीत. ते मागाहून कुणीतरी पडद्याकडे बघत काढावे लागतात. ते कुणीतरी आता हिरालाल होते. वयाच्या बासष्टाव्या वर्षी ते हिरॉइनच्या चपला घालून ठुमकत चालत आणि पायल काचेपलीकडे हसून लोळायची.

पण कामात त्यांचा एक हट्ट होता. खोट्याचा आवाज खोटाच, असं ते म्हणत. घरातल्या बाईचा आवाज हवा असला की ते छोटा रेकॉर्डर खिशात टाकून बीरगांवला आपल्या घरी नेत आणि सरलाबाईंच्या मागे मागे हिंडत. पाटा-वरवंटा, कपडे पिळणं, बांगड्या, पावलं, सगळं सरलाबाईंचं. रायपुरात गेल्या दोन वर्षांत जेवढे सिनेमे निघाले, त्यातल्या निम्म्या आया-सासवा सरला रामटेक्यांच्या पायांनी चालत होत्या. त्यांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. त्या फक्त म्हणत, "निदान पंखा तं बंद करू द्या, तुमाले त्याची भुणभुण चालत नाही न."

अडतीस वर्षांचा संसार होता आणि दोघांचं बरं चाललं होतं.

२

डिसेंबरात भार्गव आला. भार्गव रायपूरचाच, चाळिशी गाठलेला. मुंबईत बरीच वर्षं उंबरे झिजवून परतला होता आणि आता त्याने युद्धाचा सिनेमा केला होता. त्यात एकही रणगाडा नव्हता, हे तो फार अभिमानाने सांगायचा.

गोष्ट अशी होती. सीमेपलीकडच्या कुठल्याशा गावात एक घर. घरात एक माणूस बॉम्ब जुळवतोय, तो घेऊन दुपारी बाजारात जाणार. घरावर, उंच आभाळात, एक ड्रोन. आणि दूर आपल्याकडच्या एका थंडगार खोलीत चार अधिकारी पडद्यासमोर बसलेले. हुकूम द्यायचा, की घर गेलं. सगळं ठरतं आणि तेवढ्यात घराच्या छतावर एक बाई येते आणि झाडायला लागते.

ती कोण, कुणाची, कुणालाच माहीत नाही. जिना घराच्या आतून आहे, म्हणजे ती उतरली तरी घरातच. अधिकारी वाद घालतात. एकीकडे ही एक, दुसरीकडे बाजारातले ऐंशी. एक म्हणतो थांबू, एक म्हणतो ऐंशी जण थांबणार नाहीत. आणि बाई आपली झाडते आहे.

भार्गवचं म्हणणं असं की, वरून बघताना आवाज येत नसतो. म्हणूनच माणसं मारता येतात. तर आपण काय करायचं, डोळा वर ठेवायचा आणि कान खाली, त्या बाईच्या अगदी शेजारी. प्रेक्षकाला मुंगीएवढी बाई दिसेल, पण तिचा खराटा आपल्या घरात चालल्यासारखा ऐकू येईल. मग बघू कोणाचा हात बटणाकडे जातो ते.

हिरालालांना भार्गव एकदम आवडला. ते म्हणाले, आवाज आमच्या घरी तयार आहे.

तो खरंच तयार होता. बीरगांवात शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची काळी धूळ रोज छतावर बसते, आणि सरलाबाई रोज सकाळी अकराच्या सुमारास ती झाडतात. त्यांची झाडायची एक लय होती. तीन फटके आखूड, एक लांब. डावा गुडघा दुखरा, त्यामुळे एक पाऊल टेकायचं आणि एक घासत यायचं. दुसऱ्या दिवशी हिरालालांनी टाकीजवळ उभं राहून बारा मिनिटं हे सगळं रेकॉर्ड केलं. मध्येच सरलाबाई थांबल्या, गुडघ्यावर हात ठेवला, त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "काय पाहून राहिले असे?" आणि पुन्हा झाडायला लागल्या.

३

पायलने तो आवाज चित्राखाली लावला आणि काम सुरू करायला दोघं सरसावून बसले. चित्र आणि आवाज कधी आपोआप जुळत नाहीत. एक फटका पुढे, एक पाऊल मागे, असं कापत, सरकवत बसावं लागतं. बारा मिनिटांच्या तुकड्याला दोन दिवस सहज जातात.

पहिला फटका जुळला. दुसराही जुळला. पायलने कात्री चालवायला हात उचलला होता, तो तसाच राहिला. तीन आखूड, एक लांब. पडद्यावरची मुंगीएवढी बाई तीनदा थोडी आणि एकदा जास्त वाकत होती. पाच मिनिटं झाली, आठ झाली. नवव्या मिनिटाला बाई थांबली आणि तिने गुडघ्यावर हात ठेवला. त्याच क्षणी आवाजातला खराटा थांबला.

"अंकल, ये तो अपने आप बैठ गया," पायल म्हणाली. तिला आनंदच झाला होता, दोन दिवस वाचले.

झाडणारी बाई कधीतरी थांबणारच, आणि पन्नाशीनंतर कोणत्या बाईचा गुडघा दुखत नाही? असं हिरालालांनी स्वतःला समजावलं आणि ते पटलंही. न पटलेली गोष्ट पुढची होती. थांबल्यावर पडद्यावरच्या बाईने डावीकडे तोंड वळवलं. डावीकडे पाण्याची टाकी होती. तिथे कोणीच उभं नव्हतं, पण ती कुणाशी तरी दोन शब्द बोलावे तेवढा वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. स्टुडिओच्या स्पीकरमधून सरलाबाईंचा आवाज आला, "काय पाहून राहिले असे?"

पायलने ते वाक्य कापून टाकलं. बाईला सिनेमात संवाद नव्हता.

४

संध्याकाळी चहा पिताना त्यांनी सरलाबाईंना सिनेमाची गोष्ट सांगितली. जुळल्याचं सांगितलं नाही. सांगून काय, त्या हसल्या असत्या, आणि ते हसू त्यांना त्या दिवशी झेपलं नसतं.

सरलाबाईंनी मेथी निवडत सगळं ऐकून घेतलं. ऐंशी माणसं मरतील हेही त्यांना पटलं. त्या म्हणाल्या, बाजारातली माणसं म्हणजे काय दगड आहेत का, त्यांचीही लेकरं असतील. म्हणजे अधिकाऱ्यांवर त्यांचा राग नव्हता. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पण त्या बाईले कोणी आवाज काहून नाही देत?"

हिरालालांनी समजावलं. ड्रोन फार उंच असतो, त्याला डोळा असतो, तोंड नसतं. आणि हाक मारली तर आतला माणूस पळणार. मग बाजार.

"हव, ते खरं," सरलाबाई म्हणाल्या. "तरी पण."

त्या उठल्या आणि मेथी धुवायला गेल्या. एक पाऊल टेकत, एक घासत. हिरालालांनी आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून टीव्ही मोठा केला.

५

पुढच्या आठवड्यात आणखी दोन तुकडे आले आणि तेही तसेच बसले. हिरालाल आता घरी रेकॉर्ड करताना मुद्दाम खोड्या काढायचे. एकदा त्यांनी सरलाबाईंना मध्येच पाणी प्यायला लावलं. एकदा खराटा उजव्या हातातून डाव्यात घ्यायला सांगितला. त्या वैतागल्या, पण त्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत हिरालाल पडद्याला नाक लावून बसले. बाईने खराटा डाव्या हातात घेतला.

हा तुकडा दोन महिन्यांपूर्वी चित्रित झाला होता. भार्गवने कुठल्याशा ओसाड जागी घर उभारलं होतं आणि एका बाईला छतावर झाडायला लावलं होतं. हिरालालांनी सहज म्हणून त्याला फोनवर विचारलं, ती बाई कोण? भार्गवला आठवेना. तो म्हणाला, तिकडचीच कुणीतरी, गर्दीत उभं राहायला आली होती, तिला म्हटलं वर जाऊन झाड. चेहरा काही बघितला नाही, वरून चेहरा कुठे दिसतो?

आणखी एक गोष्ट होती. पहिल्या दिवशी पडद्यावरचं छत मातकट, पिवळसर होतं. आता बाई जिथे झाडायची तिथे पिवळा पट्टा उमटायचा आणि बाकीचं छत काळपट दिसायचं. पायल म्हणाली रंग अजून पक्के केलेले नाहीत, प्रत्येक कॉपीत थोडाफार फरक पडतो. बरोबरच होतं ते. त्या रात्री हिरालालांना झोप नीट लागली, कारण रंगाचं उत्तर मिळालं होतं आणि त्यांनी बाकीचे प्रश्न त्यालाच जोडून दिले.

मग पायलला आवाजात भुणभुण सापडली. घरी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये, खराट्याच्या मागे, अगदी बारीक. तिने विचारलं की पंखा चालू होता का? हिरालाल म्हणाले, छतावर कुठला पंखा? मग उरल्याच्या कारखान्याचा ब्लोअर असेल, ती म्हणाली, नाहीतर कुणाच्या लग्नाचा ड्रोन, आजकाल हळदीलासुद्धा ड्रोन आणतात. हिरालालांनी हेडफोन लावले. पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग ऐकलं, मग दुसरं, तिसरं, चौथं. पहिल्यात ती भुणभुण मुळीच नव्हती. चौथ्यात ती डोक्याच्या बरोबर वर होती.

ब्लोअरचा आवाज एका जागी असतो, जवळ येत नाही. हे त्यांना पायलला सांगावंसं वाटलं, पण ती चहा करायला गेली होती.

६

शेवटचा तुकडा घेऊन भार्गव स्वतः आला. एक मिनिट चाळीस सेकंद. आतला माणूस निघायच्या तयारीत आहे, आता थांबता येत नाही. बाई झाडणं संपवते, खराटा भिंतीला लावते, जिन्याच्या तोंडाशी जाते. जिन्यावर छप्पर नव्हतं, म्हणून वरून पायऱ्या दिसत. ती एक पायरी उतरते, दुसरी उतरते. तिसऱ्या पायरीवर पडदा पांढरा होतो.

हिरालाल म्हणाले, ती छतावर असतानाच हल्ला का नाही? निदान वाचायची थोडी आशा. भार्गव म्हणाला की अंकल, तोच तर पेच आहे. ती छतावर असते तोवर त्या चौघांतला कर्नल हुकूम देऊ शकत नाही, कारण ती दिसते. जिन्यात शिरली की अर्धी दिसेनाशी होते. माणूस दिसेनासा व्हायला लागला की हुकूम देणं सोपं जातं. कर्नल तेवढ्याचीच वाट बघत असतो आणि स्वतःला म्हणतो, मी ती सुटायची वाट बघतोय. हे सांगताना भार्गवचा चेहरा खरोखर दुःखी झाला होता. वाईट माणूस नव्हता तो. त्याला फक्त तीन पावलं हवी होती, स्वच्छ, आणि तिसऱ्यानंतर काही नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरालालांनी घरी रेकॉर्डर लावला. सरलाबाईंनी झाडून खराटा ठेवला आणि खाली उतरल्या. त्यांच्या घरचा जिनाही आतूनच होता, अकरा पायऱ्यांचा. टेक, घास, टेक, घास, अकरा. खाली गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं की झालं का तुमचं, आणि हिरालाल छतावर एकटेच हसले. इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

स्टुडिओत पायलने ती अकरा पावलं पडद्याखाली लावली. बाई तीन पायऱ्या उतरली, पांढरं झालं आणि पांढऱ्यावर आठ पावलं चालत राहिली.

"बाकी काट दूँ न, अंकल?" तिने विचारलं.

हिरालाल म्हणाले, उद्या. आज कान थकलेत.

७

दुसऱ्या दिवशी ते दहालाच स्टुडिओत पोचले. सरलाबाई निघताना म्हणाल्या होत्या की आज धूळ फार आहे, दोनदा झाडावं लागेल. ते म्हणाले होते आज झाडूच नको. त्यावर त्यांनी नुसतं बघितलं होतं, की आता हेही तुम्ही सांगणार का.

पायलने तुकडा लावला. अकरा वाजले होते. हिरालाल माइकसमोर उभे होते, हातात स्टुडिओतला खराटा, कारण भार्गवला पायऱ्यांआधी थोडं झाडणं जादा हवं होतं. पायल म्हणाली, पहले वो आठ पाँव काट देती हूँ, दो मिनट का काम है. तिने पडद्यावरच्या आवाजाच्या पट्टीवर बोट ठेवलं. तिसऱ्या पावलानंतर.

हिरालालांना ठाऊक होतं की हा सिनेमा आहे. ती बाई कुठलीशी, घर पुठ्ठ्याचं, स्फोट कॉम्प्युटरचा. हे सगळं त्यांना मनातल्या मनात दोनदा म्हणता आलं. पण एकतीस वर्षं त्यांनी एका बद्द आवाजावर डबे बाजूला काढले होते, आणि एकदाही तडा दाखवा म्हणून अडून बसले नव्हते. ते पायलला म्हणाले, थांब, आधी मला एक आवाज देऊन बघायचाय. नंतर पुसून टाक.

चित्र सुरू झालं. बाई झाडत होती. हिरालाल माइकच्या जवळ गेले आणि घरच्या अंगणातून मारतात तशी हाक मारली, "सरला, खाली ये."

पडद्यावरच्या बाईने मान उचलली. खराटा तिथेच टाकला आणि ती सरळ जिन्याकडे चालू लागली.

आपण काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं. खाली म्हणजे घरात. वाचवायची म्हणून मारलेली हाक तिला नेमकी तिकडेच नेत होती. हाक मारून तिला कुठे बोलवायचं ते त्या चार अधिकाऱ्यांना कळलं नव्हतं आणि त्यांनाही कळलं नव्हतं. बाईने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. टेक. दुसऱ्या पायरीवर ती घासत उतरली, आणि त्या पावलांचा आवाज पायलने अजून चालूच केला नव्हता.

हिरालालांनी खराटा जमिनीवर मारला. तीन आखूड, एक लांब. पुन्हा तीन आखूड.

बाई थांबली. वर काहीतरी राहून गेल्यासारखी मागे वळली, दोन पायऱ्या चढून छतावर आली, खराटा उचलला आणि झाडायला लागली. हिरालाल झाडत राहिले. एक मिनिट चाळीस सेकंद संपले. घड्याळ एक्केचाळीसवर गेलं, पन्नासवर गेलं, दोन मिनिटांवर गेलं. चित्र संपलं नाही.

पायल म्हणाली, लूप में चला गया शायद. मग ती पडद्याजवळ गेली आणि तिथेच उभी राहिली. छतावरच्या दोरीवरची साडी वाऱ्याने हलत होती, आणि एकदाही आधीसारखी हलत नव्हती.

तेवढ्यात हिरालालांचा फोन वाजला. पायलने तो स्पीकरवर टाकून त्यांच्यापुढे धरला, कारण ते खराटा सोडत नव्हते.

"अवो, तुमी आत्ता आवाज देल्ला का मले?" सरलाबाई विचारत होत्या. "खालून आवाज आला बाप्पा तुमचा. मी तं उतरून राहिली होती. मंग वाटलं, अर्धं झाडायचं राहिलं, म्हणून आली वापस."

पडद्यावर बाईने एक हात कानाला लावला होता.

हिरालालांनी विचारलं, छतावर आहेस का? तर त्या म्हणाल्या, हो, आणि आज हे छत काही केल्या सरेना. "गुडघा भरून आला माह्या. जाऊ का खाली?"

उत्तर फक्त त्यांनाच द्यायचं होतं. खोलीत पायलशिवाय कोणी नव्हतं, आणि तिच्याकडे बघून उपयोग नव्हता.

"नको," हिरालाल म्हणाले. "खाली नको जाऊ. तिथंच थांब. मी येऊन राहिलो."

त्यांनी खराटा पायलच्या हातात दिला. तिला तीन आखूड, एक लांब दाखवलं, आणि सांगितलं की काही झालं तरी थांबायचं नाही, मी फोन करीन. पायल झाडायला लागली, आणि तिला ते बऱ्यापैकी जमलं.

८

पुरानी बस्तीपासून बीरगांव म्हणजे त्यांच्या स्कूटरला पाऊण तास. त्या दिवशी ते अर्ध्या तासात पोचले. वाटेत ट्रकवाल्यांनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण त्यांचा कान फक्त आभाळाकडे होता. स्कूटरच्या फटफटीत काही ऐकू आलं नाही.

घराचं दार लोटलेलं होतं. आत बुद्धमूर्तीपुढची उदबत्ती जळून गेली होती, कुकर गॅसवर थंड बसला होता. हिरालाल जिन्याच्या पायथ्याशी उभे राहिले. वरून आवाज येत होता, तीन आखूड, एक लांब, पण आता फार दमलेला. आयुष्यभर हजारदा चढलेला जिना होता तो. पहिल्या आठ पायऱ्या ते पळत चढले. उरलेल्या तीन मात्र सावकाश, एकेकीवर दोन्ही पाय ठेवून. वरून तिसरी आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. काही झालं नाही. ऊन चेहऱ्यावर आलं.

सरलाबाई घामाघूम झाल्या होत्या. छत आरशासारखं लख्ख होतं आणि तरी त्या झाडत होत्या. त्यांना बघून म्हणाल्या, आता हात आपोआप चालतोय, हे काय होतंय मला?

हिरालालांनी त्यांच्या हातातला खराटा काढून घेतला आणि स्वतः झाडायला लागले. बायकोच्या लयीत. एका हाताने फोन लावला, तो स्पीकरवर टाकून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला आणि पायलला विचारलं, काय दिसतंय?

तिचा श्वास ऐकू येत होता, आणि खराटाही. "अंकल, अब छत पर दो लोग हैं."

"हव," ते म्हणाले. "दोघं आहोत."

सरलाबाईंना वाटलं आता नवऱ्याने काम हाती घेतलंय तर आपण जरा भात टाकावा. त्या जिन्याकडे निघाल्या. हिरालालांनी त्यांचा हात धरला. बीरगांवात, भर दिवसा, आजूबाजूच्या दहा छतांवर बायका असताना त्यांनी बायकोचा हात कधी धरला नव्हता. सरलाबाई एकदम लाजल्या. सोडा न, म्हणाल्या, पण स्वतः सोडवून घेतला नाही.

"इथंच बस माह्याजवळ," ते म्हणाले. "खाली बिलकुल जाऊ नको."

त्या भिंतीला टेकून बसल्या. त्यांनी कारण विचारलं नाही, आणि त्यासाठी हिरालालांना त्यांच्याबद्दल इतकं वाटून आलं की खराटा एकदा चुकला. त्या चुकल्या फटक्याच्या जागी त्यांना ती ऐकू आली. बारीक, एकसारखी भुणभुण, डोक्याच्या बरोबर वर. आभाळ कोरं होतं. हात कपाळाशी धरून त्यांनी शोधलं, तर उन्हाशिवाय काही दिसलं नाही.

सरलाबाईंनाही ऐकू आली. "वरतून कोणी पाहून राहिलं का आपल्याले?"

खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं. ते म्हणाले, हो.

सरलाबाईंनी आधी पदर डोक्यावरून नीट घेतला, परक्यासमोर घेतात तसा. मग हिरालालांच्या पायाला टेकून बसल्या आणि तोंड वर केलं. खिशातल्या फोनमधून पायलचा कापरा आवाज आला, "अंकल, आंटी मेरी तरफ देख रही हैं."

शेजारच्या छतावर आलेल्या बाईला विचारावं तितक्या साध्या आवाजात सरलाबाईंनी विचारलं, "कोण हाये वर? जेवले का?"

फोनमधला खराटा थांबला. हिरालाल झाडत राहिले. बराच वेळ नुसती भुणभुण होती, जराही न सरकणारी, आणि मग खिशातून पायलचं बारीक रडणं ऐकू आलं.

"नहीं आंटी," ती म्हणाली. "अभी नहीं."